तुम्ही विचारलंत म्हणून: कऱ्हाडकर का सापडले नाहीत

सॉफ्टवेअर टीममध्ये नवा बीए (बिझनेस अ‍ॅनालिस्ट, म्हणजे ग्राहकाला काय हवं ते समजून टीमसाठी लिहिणारा) आला की पंधरा दिवसांत हा प्रश्न येतोच: "मॅडम, अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया चांगले कसे लिहायचे? टेम्प्लेट आहे का?" म्हणजे काम पुरं झालं हे ज्यावरून ठरतं त्या अटी. टेम्प्लेट आहे, देतेही. पण आधी कऱ्हाडकरांचं सांगते.

एका पतसंस्थेचं काम होतं. स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याची एक गरज सांगणारं छोटं टिपण, साधी: काउंटरवरच्या लिपिकाला खातेदार नावावरून शोधता यावा, म्हणजे रांग खोळंबणार नाही. खाली मी तीन ओळी लिहिल्या होत्या. शोध जलद असावा, सोपा असावा, निकाल बरोबर यावेत. डेव्हलपरने 'जोशी' घालून पाहिलं, टेस्टरने 'पाटील'. दोघेही खूश. डेमोला लिपिकबाईंनी 'कऱ्हाडकर' टाइप केलं आणि यादी कोरी. सगळी नावं उघडून खाली सरकवत गेलो, तर कऱ्हाडकर तिथेच बसलेले!

भानगड त्या 'ऱ्ह'मध्ये होती. युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी उमटतो: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या 'र'चा पाय मोडून पुढे डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह घालून. वाचणाऱ्याला एकच शब्द, मशीनला दोन. जुन्या नोंदी एका कीबोर्डवरच्या, बाईंचा कीबोर्ड दुसरा.

कोड लिहिणाऱ्याला काय बोलणार? 'बरोबर निकाल' म्हणजे काय, ते मलाच ठाऊक नव्हतं. बाईंना होतं. म्हणाल्या, "अहो, आडनावावरून आम्ही शोधतच नाही. अर्धा गाव पाटील. वडिलांचं नाव विचारतो." हे वाक्य मला महिनाभर आधी मिळालं असतं, चहाच्या एका कपात.

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ही सॉफ्टवेअर बनवायची पद्धत रुजवणाऱ्यांपैकी एक रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये स्टोरीचे तीन भाग सांगितले: कार्ड (गरजेची थोडक्यात नोंद), संवाद, खातरजमा. आपण कार्ड लिहितो, खातरजमेची यादी लिहितो आणि मधला संवाद गाळतो. मग यादीत 'जलद' आणि 'सोपा' येतात, कारण दुसरं लिहायला हाताशी काही नसतं.

नव्या यादीत असं आलं. 'ऱ्ह' कसाही टाइप केला तरी तोच खातेदार दिसेल. एकाच नावाचे अनेक असतील तर प्रत्येकापुढे वडिलांचं नाव आणि गाव. बंद खातं दिसेल, पण त्यावर व्यवहार होणार नाही. संस्थेच्या पूर्ण यादीवर निकाल २ सेकंदांच्या आत. काहीच सापडलं नाही तर तिथे 'नवीन खातं उघडा' हे बटण नको. घाईत लोक तेच दाबतात आणि एका माणसाची दोन खाती होतात. ही शेवटची ओळसुद्धा बाईंचीच.

'समजा–जेव्हा–तेव्हा' साच्याबद्दलही विचारता: समजा अशी स्थिती आहे, जेव्हा कुणी हे करेल, तेव्हा हे घडावं. परिस्थितीनुसार निकाल बदलत असेल तिथे तो छान चालतो, बंद खात्याची ओळ मी तशीच लिहिली. पण 'समजा युजरने लॉगिन केलं आहे' हे चौदा वेळा चिकटवलेल्या स्टोऱ्या मी वाचल्यात. त्यापेक्षा साधं वाक्य बरं. बटणाचा रंग, डेटाबेसमधल्या टेबलाचं नाव वगैरे तर यादीत नकोच. आणि यादी आठ-दहाच्या पुढे गेली की मी स्टोरी फोडायला बसते.

टेम्प्लेट संध्याकाळी पाठवते. त्यात सगळ्यात वर एक रकाना आहे: 'हे कुणाला विचारलं?' तो रिकामा असला तर स्टोरी स्प्रिंटमध्ये, म्हणजे टीमच्या कामाच्या पुढच्या ठरावीक मुदतीच्या टप्प्यात, घेत नाही. माझी स्वतःची असली तरी.