बांध कोण राखतो? दिवाडी ते कुंकळ्ळी

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून मांडवी नदीतल्या दिवाडी बेटाची फेरीबोट धरली, तेव्हा माझ्या पिशवीत आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीच्या नोंदवहीच्या काही पानांची छायाप्रत होती. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली आणि त्यानंतर आजरा तालुक्यातल्या आमच्या गावात मी सहा वर्षे या समितीचे लिहिण्याचे काम केले. वहीत तीन रकाने असत: दाखल तंटे, मिटलेले तंटे आणि शिल्लक तंटे. शिल्लकचा रकाना रिकामा झाला की गावात शांतता नांदते आहे, असे आम्ही सगळे प्रामाणिकपणे मानत होतो.

पाणंदीच्या, म्हणजे शेतांमधून जाणाऱ्या वाटेच्या, एका तंट्यात एका बाईने समझोत्याच्या कागदावर अंगठा दिला आणि मी तो तंटा ‘मिटला’ असे लिहिले. दोन वर्षांनी बाजारात भेट झाली तेव्हा त्या म्हणाल्या, “सर, मी अंगठा दिला, कारण त्या बैठकीत बसलेल्या सगळ्यांच्या रानात मला उद्या कामाला जायचं हुतं.” तेव्हापासून ती वही मला उघडवत नाही. शांतता कोणी मोजायची आणि कशाने मोजायची, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या मागे लागला आणि तो घेऊनच मी गोव्यात आलो.

माशेलला माझ्या मावसबहिणीचे सासरे राहतात. त्यांनी तीस वर्षे मराठी शाळेत शिकवले, त्यामुळे सारे माशेल त्यांना ‘मास्तर’ म्हणते आणि मीही तेच म्हणतो. माझा प्रश्न ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “आधी दिवाडीला चल. बांध पाहिल्याशिवाय गोव्यातल्या गावाची राखण तुला कळायची नाही.”

गोव्याच्या नद्यांच्या मुखांजवळ, भरतीचे खारे पाणी जिथवर चढते तिथवर, खाजन जमिनी आहेत. माती, चिखल, पेंढा आणि चिरे यांचे बांध घालून शेकडो वर्षांपूर्वी लोकांनी नदीकडून मिळवलेली ही शेते असून त्यांचे क्षेत्र सुमारे १८,००० हेक्टर सांगितले जाते. बांधात जागोजागी ‘मानस’ म्हणजे लाकडी झडपांचे दार असते. भरतीचे पाणी बाहेरून रेटा देते आणि झडप मिटते. ओहोटी लागली की आतले पाणी तिला ढकलते आणि ती उघडते. माणसाचा हात न लागता दिवसातून दोनदा हे चालते. आत भात पिकते आणि ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासळी धरली जाते.

मास्तरांच्या ओळखीचे एक शेतकरी आम्हाला बांधावर घेऊन गेले. सत्तरीच्या घरातले ते गृहस्थ पावसाने निसरड्या झालेल्या बांधावरून अनवाणी चालत होते आणि मी त्यांच्या पावलांवर पाऊल ठेवत मागे होतो. एका बाजूला हिरवेगार भात, दुसऱ्या बाजूला कांदळवन आणि त्यापलीकडे मांडवीचे गढूळ पाणी. मानशीच्या फळ्या पाणी पिऊन फुगलेल्या होत्या, त्यांच्या कडांना कालवांचे कवच चिकटले होते आणि बिजागरीचे लोखंड बोट लावले तरी पापुद्र्यांनी सुटत होते. काका मध्येच थांबले, खाली बसले आणि बांधाच्या कुशीतल्या एका बिळात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला. ते कुर्लीचे, म्हणजे खेकड्याचे बीळ होते. अशा एका बिळातून पाणी झिरपू लागले आणि कोणाच्या लक्षात आले नाही, तर अमावास्येच्या मोठ्या भरतीला बांध तिथेच फुटतो, असे सांगत त्यांनी जवळचा चिखल आणि पेंढ्याची मूठ आत कोंबली आणि तळहाताने ती जागा थोपटून बसवली.

मी ठरवून आणलेला प्रश्न विचारला, की गावात तुम्हाला सुरक्षित वाटते का, पोलीस वेळेवर येतात का. काकांनी हात धुतला आणि म्हणाले, “पोलीस वर्साक एक फावट येता, उदक दिसाक दोन फावटी येता.” म्हणजे पोलीस वर्षातून एकदा येतात, पाणी दिवसातून दोनदा येते.

सुरक्षेविषयी मी आजवर जे वाचले, त्यातले फारच थोडे या वाक्याच्या जवळपास येते. बांध फुटला आणि खारे पाणी आत आले की पुढची काही वर्षे त्या शेतात भात होत नाही. मधल्या काळात तिथे कांदळवन उगवले तर ते कायद्याने संरक्षित ठरते आणि मग ती जमीन पुन्हा शेतीखाली आणणे जवळजवळ अशक्य होते. एकाच्या हलगर्जीपणाने सगळ्यांचे अन्न जाते. म्हणून इथल्या माणसाच्या मनात राखण या शब्दाचा पहिला अर्थ बांधाशी जोडलेला आहे, आणि शेजाऱ्याशी भांडण विकोपाला जाऊ न देणे हाही त्याच राखणीचा भाग आहे, कारण रात्री भरतीच्या वेळी हाक मारायची ती त्याच शेजाऱ्याला.

ही राखण पूर्वी गावकरी संस्थेकडे होती. गावाची जमीन सामाईक, ती वहिवाटीला देऊन येणाऱ्या उत्पन्नातून बांध, तळी, देवस्थान आणि गावाची इतर कामे चालत. पोर्तुगीजांनी १५२६ साली या रूढी लिहून काढल्या आणि पुढे या संस्थांना कोमुनिदाद हे नाव रूढ झाले. मात्र ही व्यवस्था आठवताना हळहळण्यापूर्वी मास्तरांनी मला एका गोष्टीची जाणीव करून दिली. गावकरी म्हणजे मूळ घराण्यांतले पुरुष; बांधावर चिखल वाहणारी माणसे, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारे मुंडकार आणि बायका यांना तिथे आवाज नव्हता. माझ्या वहीतल्या अंगठ्याचीच ही जुनी आवृत्ती, असे मला वाटले. १९६४ चा कुळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला जमिनीवर हक्क दिला, हे न्यायाचेच झाले. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली, तशी अनेक ठिकाणी ती कोणाचीच उरली नाही. मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलाव होतो, बोली मोठी लागते आणि मासळी जास्त मिळावी म्हणून मानस हवी तेव्हा उघडी ठेवून खारे पाणी आत घेतल्याच्या तक्रारी गोव्यात जुन्या आहेत. भात पिकवणारा आणि मासळी धरणारा यांच्यातला हा तंटा पोलिसांच्या दप्तरात क्वचितच दिसतो, आणि दिसला तरी ‘किरकोळ बाचाबाची’ या नावाने.

दुपारनंतर बोंदेराम हा दिवाडीचा बावट्यांचा उत्सव सुरू झाला. या बेटावर पूर्वी वाड्यावाड्यांत शिवेवरून मारामाऱ्या होत, पोर्तुगीज अंमलदारांनी हद्दी ठरवण्यासाठी बावटे रोवले आणि लोकांनी दगड मारून ते पाडले, अशी त्याची कथा सांगतात. आता त्याच बावट्यांची मिरवणूक निघते आणि पोरे बांबूच्या ‘फोटॅश’मधून तेफळांचा मारा करतात. एक तेफळ माझ्या कानशिलाला लागले आणि ते मारणारा सात-आठ वर्षांचा मुलगा आईच्या मागे लपला. भांडण विसरले जावे असे या गावाला वाटले नाही. त्याने ते दरवर्षी सगळ्यांसमोर, इजा होणार नाही अशा हत्याराने पुन्हा खेळण्याची सोय केली. समझोत्याच्या कागदावर सही घेऊन फाईल बंद करणाऱ्या मला हे नवे होते.

शांततेचा अभ्यास करणाऱ्यांनीही हळूहळू याच दिशेने विचार केलेला आहे. योहान गाल्टुंग यांनी १९६९ साली नुसत्या हिंसेच्या अभावाला अपुरी शांतता म्हटले आणि अन्यायाची मुळे दूर होणे हा शांततेचा दुसरा, भरीव अर्थ मांडला. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानव विकास अहवालाने सुरक्षेचा विचार सीमेवरून माणसाच्या अन्न, आरोग्य आणि पर्यावरणापर्यंत आणला. पुढे पामिना फर्चो आणि रॉजर मॅक गिंटी यांनी आफ्रिकेतल्या काही देशांत गावकऱ्यांनाच विचारले की शांतता आहे हे तुम्ही कशावरून ओळखता. त्यांना मिळालेल्या उत्तरांत एक असे होते की रात्री कुत्री भुंकत नसतील तर शांतता आहे. काकांना हाच प्रश्न विचारला तर ते कुर्लीचे बीळ दाखवतील, याविषयी मला शंका नाही. आपल्याकडे भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर काही वर्षांनी पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. त्या समित्यांत साध्या वस्तीतली माणसे पोलिसांबरोबर नियमितपणे बसू लागली, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली. तिथेही कामाला आली ती रोजची ओळख.

संध्याकाळी माशेलला परतलो. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी जवळ आली होती आणि मास्तरांच्या ओसरीत माटोळीची, म्हणजे गणपतीवर फळे-फुले टांगायची लाकडी चौकट धुऊन वाळत ठेवली होती. तिच्याकडे बघत त्यांनी मला १९८६ ची हकिगत सांगितली. गोव्याच्या राजभाषेच्या आंदोलनाने त्या वर्षी डिसेंबरात हिंसक वळण घेतले आणि माणसे प्राणास मुकली. मास्तर मराठीच्या बाजूचे, शेजारचे घर कोंकणीच्या बाजूचे. दोन्ही घरे एकाच विहिरीवर पाणी भरणारी, पण बोलणे बंद झाले. १९८७ च्या फेब्रुवारीत राजभाषा कायदा झाला, ३० मे रोजी गोवा राज्य झाले, तरी या दोन घरांतला अबोला तसाच राहिला. त्या वर्षीच्या चवथीच्या आदल्या दिवशी पहाटे मास्तरांनी दार उघडले, तर पायरीवर सुपारीचा एक घड ठेवलेला होता. मास्तरांच्या घरी पोफळी नाहीत. माटोळीचा घड नेहमी शेजाऱ्यांच्या कुळागरातून, म्हणजे पोफळीच्या बागेतून येई. त्यांनी तो उचलून माटोळीला मधोमध बांधला आणि दुपारी पातोळ्या घेऊन ते शेजारी गेले. “भाषेबद्दल आम्ही त्या दिवशी एक शब्द बोललो नाही,” मास्तर म्हणाले. “माझे मत आजही तेच आहे आणि त्याचेही तेच आहे.” ही घटना कोणत्या रकान्यात लिहावी, हे मला अजूनही सुचलेले नाही.

दुसऱ्या दिवशी दक्षिण गोव्यातल्या कुंकळ्ळीला गेलो. इथे १५ जुलै १५८३ रोजी गावकऱ्यांनी पाच जेझुइट मिशनऱ्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही लोकांना ठार केले. देवळे पाडल्याचा आणि धर्म लादला जात असल्याचा तो संताप होता. त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांना मारले. बोलणी हा शब्द त्या दिवशी सापळा म्हणून वापरला गेला. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याने ‘चला, बसून मिटवू’ म्हटले की गाव का बिचकते, याचे एक उत्तर त्या प्रमुखांच्या स्मारकासमोर उभे राहून मिळते. आजच्या काळातही ते लागू पडते. सत्तरी तालुक्यातल्या शेळ-मेळावलीत जानेवारी २०२१ मध्ये शिक्षणसंस्थेसाठी ठरलेल्या जागेच्या मोजणीला लोकांनी, विशेषतः बायकांनी, वाट अडवली. पोलिसांनी अश्रुधूर वापरला आणि काही दिवसांतच सरकारने ती जागा सोडली. त्या बायकांची आधीपासूनची मागणी कसत्या जमिनीच्या मालकीची होती. सुरक्षेचा बंदोबस्त पाठवण्याआधी तो कागद पाठवला असता तर अश्रुधूर लागला नसता, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा त्या काळात फातर्प्याला गेली. शिगम्याच्या दिवसांत ती छत्र्यांच्या मिरवणुकीने कुंकळ्ळीला येते. बारा वांगडांच्या, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांच्या, बारा छत्र्या असतात आणि वाटेवर हिंदूंबरोबर ख्रिस्ती घरांतली माणसेही गुलाल अंगावर घेतात. कारण वांगड धर्मांतरापेक्षा जुने आहेत. मंदिराच्या सभामंडपात बसलेल्या एका वृद्ध बाईंनी मला सांगितले, की छत्री धरणारा हात थकला की शेजारचा न सांगता पुढे होतो, एवढे एक लहानपणापासून बघत आले आहे.

आजऱ्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी पाणंदीच्या त्या बाईंच्या घरी गेलो. वही नेली नव्हती. त्या दारात गवताचा भारा सोडत होत्या. मी म्हटले की तुम्हाला त्या वेळी जे विचारायला हवे होते ते विचारायला आलो आहे, आणि टेकायला जागा शोधू लागलो.

“बसायचं ऱ्हाऊ द्या सर,” त्या विळा खाली ठेवत म्हणाल्या, “आदी पाणंद चालून बघा माझ्यासंगं,” आणि माझी वाट न बघता पुढे निघाल्या.