तिकडं कसं असते?

१२ डिसेंबर, रात्र

पहाटे साडेचारलाच जाग आली. दारव्हा रोडनं भरतीची पोरं पळत होती. सोळाशे मीटर. सगळ्यात पुढचा अनवाणी. थंडी अशी, की कुत्रं चुलीच्या राखेतून उठत नव्हतं. त्यातली दोन-तीन माझ्याच वर्गात बसलेली. साडेसतराव्या वर्षी अग्निवीरचा अर्ज भरता येतो, नोकरी चार वर्षांची. पुढं शंभरातले फार तर पंचवीस कायम. हे हिशेब त्यांना माझ्यापेक्षा पक्के पाठ आहेत.

झोप गेलीच होती, म्हणून रेमार्कचं ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ काढलं. १९२९ ची जर्मन कादंबरी. लिहिणारा स्वतः अठराव्या वर्षी पहिल्या महायुद्धात ओढला गेलेला, १९१७ मध्ये जखमी झालेला. नोकरीत असताना वाचलं तेव्हा खंदक, उंदीर आणि केमरिखचे बूट लक्षात राहिले होते. पाय कापलेला केमरिख दवाखान्यात शेवटच्या घटका मोजतोय आणि म्युलरचा जीव त्याच्या बुटांत अडकलाय. म्युलर काही दुष्ट नाही. बूट चांगले आहेत, एवढंच. पुढं म्युलर मरतो आणि तेच बूट गोष्ट सांगणाऱ्या पाउलच्या पायात येतात.

आज मात्र सुट्टीच्या प्रकरणाशी थांबलो. पाउल घरी येतो, बहिणीची हाक ऐकतो आणि जिन्यातच रडू फुटतं. पाय उचलत नाही. आजारी आई विचारते, तिकडं फार वाईट आहे का रे? तो नाही म्हणतो. बापाला लढाईच्या गोष्टी हव्यात, पोरानं वर्दी उतरवू नये असंही वाटतं. गावातला एक मास्तर तर युद्ध कसं जिंकायचं ते त्यालाच समजावतो. मग पाउल आपल्या खोलीत जुन्या पुस्तकांसमोर बसतो आणि एकही पुस्तक त्याच्याशी बोलत नाही. गोळ्यांची पानं मी भराभर उलटली. या खोलीतून लवकर निघता आलं नाही.

त्या मास्तराचा राग आला. मग गेली दिवाळी आठवली.

सीमेवरून सुट्टीवर आलेला माझा एक विद्यार्थी पाया पडायला आला होता. ओसरीवर चहा होता, चार माणसं होती. मीच विचारलं, “काय रे, गोळी चालवली का कोणावर?” मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्यानं कपबशी खाली ठेवली. बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला, एक थेंब न सांडता. म्हणाला, “सर, तिकडं वरण आपल्यासारखं नसते.” सगळे हसले. मीही.

कथा असती तर तो रात्री फटाक्यांना दचकला असता. तसं काही झालं नाही. लक्ष्मीपूजनाला त्यानंच पोरांना सुतळी बॉम्ब लावून दिले, दुसऱ्या दिवशी आईसोबत कापूस वेचायला गेला. सुट्टी संपायच्या चार दिवस आधीच निघून गेला. का, ते मी विचारलं नाही.

आज दिवेलागणीला सकाळचा तो अनवाणी पोरगा आला. “सर, त्या दादाचा नंबर द्या ना. तिकडं कसं असते ते विचारतो.”

नंबर दिला. म्हटलं, “पहिल्यांदा वरणाचं विचार.”

“वरणाचं काऊन, सर?”