घाट उतरल्यावरचा धूर

गुरुजींच्या मारुती ८०० चं इंजिन मीच केलं होतं. १९९८ चं मॉडेल, कार्ब्युरेटरचं. माझं गॅरेज वाईत, गुरुजी राहतात पाचगणीला. निवृत्तीनंतरही आठवड्यातून दोन-तीनदा पसरणी घाट उतरून खाली येणारा माणूस. अडीच महिन्यांपूर्वी गाडी पूर्ण खोलली होती. ब्लॉक बोअर केला, म्हणजे सिलिंडर आतून मोठे कापले, अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घातले, पिस्टनवरच्या रिंगा, बेअरिंगं, ऑइल पंप सगळं नवं. हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो इंजिनाचा वरचा भाग, बोअरिंगवाल्याकडे दिलं होतं. तिथून ते 'हेडकाम पूर्ण' अशा पावतीसकट आलं आणि मी ते चढवलं.

त्या मंगळवारी सकाळी गुरुजी आले ते हातात ऑइलची पट्टी घेऊनच. म्हणाले, "मिस्त्री, पुन्हा खाली गेलंय. हजार किलोमीटरला लिटरभर लागतंय."

माझ्या पोटात गोळा आला. ज्या इंजिनात जेमतेम तीन लिटरच्या आत-बाहेर ऑइल मावतं, त्यातलं लिटरभर जातंय म्हणजे थोडक्यात निभावलं असंच म्हणायचं. कामावरचा पोरगा म्हणाला, "रिंगा बसल्या नाहीत, दादा." शेजारचा फिटरही तेच म्हणाला. खालचं ऑइल वर जाऊ न देणं हे रिंगांचं काम. त्या काढायच्या म्हणजे परत ऑइल चेंबर खोला, पिस्टन उपसा. गुरुजींनी त्या कामासाठी पेन्शनमधले पैसे बाजूला काढले होते, हे मला माहीत होतं.

पाना हातात घ्यायच्या आधी मी एकच विचारलं, "गुरुजी, धूर नेमका कधी दिसतो?"

आयुष्यभर विज्ञान शिकवलेला माणूस. नीट बघून ठेवलं होतं. "सकाळी पहिल्या स्टार्टला एक भपकारा, मग साफ. घाट चढताना आरशात बघतो, काही नाही. पण घाट उतरून पसरणी गावापाशी ॲक्सिलरेटर दाबला की मागचा मोटारसायकलवाला नाक दाबतो."

इथेच माझा रिंगांवरचा संशय निम्म्याने उतरला. रिंगा गेलेली गाडी चढावर, लोड पडल्यावर धूर मारते. ही चढावर स्वच्छ होती. उताराला पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असतो, चाकं इंजिनाला फिरवत असतात, कार्ब्युरेटरची झडप बंद असते. मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये, त्या वेळी जबरदस्त व्हॅक्यूम तयार होतो आणि तो हेडवरचं ऑइल इनटेक व्हॉल्व्हच्या दांड्याकडेने खाली ओढतो. पुढे पाय दाबला की ते साचलेलं ऑइल एकदम जळतं. रात्रभर उभ्या गाडीतही ऑइल तसंच झिरपून खाली बसतं, म्हणून सकाळचा तो एक भपकारा.

तरी डोळ्यांनी बघावं म्हणून मोटारसायकल घेऊन त्यांच्या मागे वर गेलो आणि उतरलो. पायथ्याशी गुरुजींनी पाय दाबला आणि सकाळच्या उन्हात निळसर धुराचा पट्टा रस्त्यावर तरंगला. काळा नाही, पांढरा नाही, निळा. वास जळक्या ऑइलचा.

गॅरेजवर येऊन कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मापून घेतलं. तिन्ही सिलिंडर तेरा किलोच्या जवळ, फरक अर्ध्या किलोचाही नाही. प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून परत घेतलं, आकडा जेमतेम हलला. रिंगा गेल्या असत्या तर तो चढला असता. ब्रीदरची, म्हणजे इंजिनातली वाफ इनटेककडे नेणारी, नळी काढून गाडी चालवली, तरी धूर तेवढाच. मग मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज लावला. आयडलला काटा थरथरत होता, रेस वाढवली की स्थिर व्हायचा. तीन सिलिंडरच्या गाडीत काटा थोडा हलतोच, त्यामुळे एवढ्यावरच मी निकाल दिला नसता. पण बाकी सगळं व्हॉल्व्हच्या दांड्याकडेच बोट दाखवत होतं.

दुपारी हेड उतरवलं. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर काजळीचा जाड थर, पातेल्याच्या बुडाला लागलेल्या दुधासारखा. अडीच महिन्यांत एवढा! स्प्रिंग काढून, दांड्यावरून ऑइल खाली उतरू न देणारं ऑइल सील बाहेर घेतलं. सील नवंच होतं, पण त्याची ओठासारखी कड एका बाजूने खाऊन लांबट झाली होती. पोरग्याला म्हटलं, व्हॉल्व्ह जरा वर उचल आणि हलव. हलवला तर टक् टक् असा आवाज आला.

दांडा झिजलाय की तो ज्या नळीत सरकतो ते गाईड, हा पुढचा प्रश्न. नवा कोरा व्हॉल्व्ह पुसून त्याच गाईडमध्ये घातला. तोही तसाच डुलला. मग होल गेजने गाईड मापलं. मध्यभागी माप बरं होतं, पण दोन्ही तोंडांना सनईच्या टोकासारखं पसरलेलं. व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर दर फेरीला दांड्याला थोडा आडवा ढकलतो, म्हणून गाईड टोकांना आणि त्याच रेषेत झिजतं. दांड्याला गाईडमध्ये ०.०५ मिलिमीटरच्या आत खेळ असावा, इथे तोंडाशी त्याच्या तिपटीहून जास्त होता. असा दांडा डुलत असताना कितीही नवं सील बसवा, ते महिन्याभरात फाटणारच.

हेडकाम पूर्ण म्हणून जे आलं होतं, त्यात व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले होते आणि सील बदलली होती. गाईडला हात लागला नव्हता. आणि मी चढवण्याआधी एक व्हॉल्व्ह हलवून बघितला नव्हता. ती चूक माझी, ती मी गुरुजींना तिथल्या तिथे सांगितली.

त्यांनी एक प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. "मग इंजिन करायच्या आधी इतका धूर का नव्हता?" कारण तेव्हा रिंगाच गेलेल्या होत्या, इंजिनाला ओढ नव्हती. खालचं काम चांगलं झालं, व्हॅक्यूम नव्यासारखा तयार झाला, आणि त्याच जोराने जुन्या गाईडमधून ऑइल ओढलं जाऊ लागलं.

दुसऱ्या दिवशी हेड घेऊन साताऱ्याला गेलो, दुसऱ्या बोअरिंगवाल्याकडे, आणि काम संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. ॲल्युमिनियमचं हेड भट्टीत तापवून जुनी गाईडं ज्वलनकक्षाच्या बाजूने ठोकून काढली, नवी दाबून बसवली, मग रीमर फिरवून मापाला आणली. व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या सीट त्यानंतरच कापल्या. सीट कापायच्या अवजाराचा पायलट, म्हणजे त्याची मधली दांडी, गाईडमध्येच बसतो. गाईड वाकडं असेल तर सीटही वाकडीच कापली जाते. शेवटी हेड उलटं ठेवून, प्लग लावून, कक्षांत रॉकेल ओतलं. अर्धा तास थांबलो. पोर्टमध्ये थेंब उतरला नाही.

गुरुजींकडून मजुरी घेतली नाही. गाईड, सील आणि हेड गॅस्केटचे पैसे मात्र त्यांनी बळेच हातात कोंबले. जुनी सहा गाईडं कागदात गुंडाळून नेली, "पोरांना दाखवतो," म्हणाले.

परवा आले तेव्हा गाडी बाराशे किलोमीटर चालली होती. पट्टी काढून पुसली, परत घातली, काढली. ऑइल वरच्या खुणेच्या केसभर खाली होतं.