न घेतलेल्या विम्याचे पैसे

सध्या रोज सकाळी चहाचे आधण ठेवले की ते उकळेपर्यंत मी मोबाईलवर गृहकर्जाच्या खात्याचा उतारा उघडते आणि शेवटची ओळ पाहते. आम्ही न घेतलेल्या विम्याची जी रक्कम 17 ऑक्टोबरच्या पत्रात बँकेने कामाच्या पंधरा दिवसांत जमा करण्याचे मान्य केले होते, ती डिसेंबर निम्मा सरला तरी तिथे उमटलेली नाही. पाच तारखेचा हप्ता मात्र न चुकता वळता झालेला दिसतो. नागपुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी पुस्तपालन व लेखाकर्म शिकवते, हे आधीच सांगून टाकते. कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना ‘या बाईंना एवढेही कसे कळले नाही’ असे वाचकांना वाटणार, आणि ते मलाही वाटून झालेले आहे.

मनीषनगरमधली जुनी सदनिका आम्ही मार्च 2023 मध्ये घेतली. आम्हाला 32 लाखांचे कर्ज हवे होते आणि विक्रेत्याच्या नावाने धनादेशही तेवढ्याच रकमेचा निघाला. सह्यांचा दिवस 14 मार्च होता. आर्थिक वर्ष संपत आलेले, शाखेत पाय ठेवायला जागा नाही, हिंगण्याच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेले आमचे हे सारखे घड्याळाकडे पाहत होते. समोर बसलेला तरुण अधिकारी कागदांच्या कडेला पेन्सिलीने बारीक फुल्या करत होता आणि मी फुलीवर सही करत होते. मध्येच माझ्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी आला. तो कशाचा आहे असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “प्रोसेसिंगचा आहे जी मॅडम, सगळ्यांनाच येते.” मी आकडे वाचून दाखवले.

त्यानंतर सव्वादोन वर्षे मी त्या खात्याकडे नीट पाहिले नाही. दरवर्षी आयकरासाठी व्याजाचे प्रमाणपत्र काढत होते, पण त्यातला मला हवा तो एकच आकडा उचलून बाकीचा कागद फाइलमध्ये लावत होते. 30,105 रुपयांचा हप्ता 32 लाखांच्या मानाने जास्त आहे, हे 9 टक्के दर आणि 20 वर्षांची मुदत घेऊन कुठल्याही गणकयंत्रावर एका मिनिटात कळले असते. माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलीने ते गणित सोडवले असते. 6 जून 2025 रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने कमी करून 5.50 वर आणला, तेव्हा आपला दर उतरला का हे पाहण्यासाठी मी परतफेडीचे पूर्ण वेळापत्रक मागवले आणि पहिल्याच ओळीत मुद्दल 33,46,000 असल्याचे पाहिले.

वरचे 1,46,000 रुपये कर्जाच्या विम्याचे होते, म्हणजे कर्जदार दगावला तर बाकी कर्ज विमा कंपनीने फेडायचे, अशा विम्याचे. त्यापैकी निव्वळ हप्ता 1,23,729 आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी 22,271. विम्याचा हप्ता एकरकमी घेतलेला, तो कर्जातच मिळवलेला, आणि म्हणून त्यावर 20 वर्षे व्याज चालू. महिन्याच्या हप्त्यात याचा वाटा 1,314 रुपये येतो. दर तोच राहिला असता तर 240 हप्त्यांत मिळून या विम्यासाठी आम्ही तीन लाख पंधरा हजारांच्या जवळपास मोजले असते.

मग मी विम्याचे प्रमाणपत्र मिळवले. ते ज्या ईमेलवर पाठवल्याची नोंद होती, त्या पत्त्यात माझ्या जन्मवर्षातला एक अंक चुकलेला होता, त्यामुळे ते कोणाला मिळाले असेल हे देवच जाणे. या प्रकारात बँक ही समूह पॉलिसीची मुख्य धारक असते आणि कर्जदार तिचा सदस्य, म्हणून आपल्या हाती पॉलिसी येत नाही, केवळ प्रमाणपत्र येते. त्या प्रमाणपत्रावर विम्याची मुदत पाच वर्षे लिहिलेली होती. कर्ज 20 वर्षांचे, विमा पाच वर्षांचा. पाच वर्षांनंतर आमच्याकडे साडेएकोणतीस लाखांहून अधिक मुद्दल बाकी राहिले असते, विमा संपलेला असता, आणि संपलेल्या विम्याच्या हप्त्यावरचे व्याज पुढची 15 वर्षे चालू राहिले असते.

त्याहून मोठा धक्का सोबतच्या आरोग्यविषयक घोषणापत्राने दिला. 2017 पासून मी मधुमेहाची गोळी घेते. आमच्या स्वयंपाकघरात मीठ-मसाल्याच्या डब्यांशेजारी त्या गोळ्यांचा डबा असतो. घोषणापत्रात ‘मधुमेह’ या शब्दापुढे ‘नाही’च्या चौकटीत बरोबरची खूण होती, छापील, संगणकावर केलेली. हा प्रश्न मला कोणी विचारलाच नव्हता. म्हणजे ज्या विम्यासाठी आम्ही पैसे भरत होतो, त्याचा दावा करण्याची वेळ यांच्यावर आली असती, तर विमा कंपनीने त्याच खुणेवर बोट ठेवून तो नाकारण्याची पुरेपूर शक्यता होती. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे तीन वर्षे उलटली की कंपनीला अशा कारणावरून शंका घेता येत नाही, हे खरे आहे; पण ती तीन वर्षे तरी आम्ही पैसे भरून विम्याविनाच काढणार होतो. हे मी रात्री जेवताना यांना सांगितले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त पोळी अर्धी ठेवून उठले.

16 जूनला मी शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घेतली. माझे म्हणणे साधे होते. कर्ज देणे आणि विमा विकणे यांची प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष सांगड घालू नये, विमा घेणे ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत आणि माझ्या बाबतीत ते पाळले गेले नाहीत. 9 जुलैला उत्तर आले, की ग्राहकाने स्वेच्छेने स्वाक्षरी केली असून ओटीपीद्वारे संमती दिली आहे, आणि प्रमाणपत्र मिळाल्यापासून 15 दिवसांची ‘फ्री लूक’ मुदत, म्हणजे विमा न पटल्यास परत करण्याची मुदत, उलटून गेली आहे. (ही मुदत 2024 पासून 30 दिवसांची झाली आहे, पण जे प्रमाणपत्र मिळालेच नाही त्याची मुदत 15 दिवस असली काय आणि 30 असली काय.) विमा कंपनीला विचारले तर ती म्हणे सदस्यत्वाचा अर्ज बँकेकडून आला, बँकेला विचारावे. बँक म्हणे पॉलिसी कंपनीची आहे.

जुलैच्या मध्याला शाखेतून एक गोड फोन आला. ‘सरेंडर’चा अर्ज भरून दिला तर साधारण 60 हजार रुपये लगेच मिळवून देतो, असा प्रस्ताव होता. यांना तो पटला होता, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. हातात येणारे पैसे घ्यावेत आणि मोकळे व्हावे, असे कोणालाही वाटेल. पण सरेंडर याचा अर्थ मी विमा विकत घेतला होता, काही काळ वापरला आणि आता परत करते आहे. माझी मागणी रद्द करण्याची होती, कारण मी तो घेतलेलाच नव्हता. त्या अर्जावर सही केली असती तर माझ्या तक्रारीचा पाया माझ्याच हाताने काढून दिल्यासारखे झाले असते. त्या दिवशी मात्र मी अर्ज पूर्ण वाचला, सही केली नाही आणि कागदाचा फोटो काढून ठेवला.

21 जुलैला रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार नोंदवली. नोव्हेंबर 2021 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक लोकपाल योजनेत आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते आणि तिचे उत्तर असमाधानकारक असेल किंवा 30 दिवसांत उत्तरच आले नसेल, तर पुढे जाता येते. त्यासाठी शुल्क नाही, वकील लागत नाही. संविधान चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत आहे, कॉलेजला जाताना रोज मी तिच्यावरून जाते, पण कागदी तक्रार पाठवायची झाली तर ती चंदीगडच्या केंद्राकडे जाते. मी संकेतस्थळावरून केली. सोबत चुकलेला ईमेल पत्ता, घोषणापत्राची प्रत, 2017 पासूनची डॉक्टरांची चिठ्ठी आणि 60 हजारांच्या प्रस्तावाचा अर्ज जोडला. माझा अंदाज असा, की बाकी सर्व मजकुरापेक्षा डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच काम केले असावे.

सप्टेंबरपासून बँकेचा सूर पालटला. फोन करणारे अधिकारी बदलले, ‘मॅडम’च्या आधी ‘आदरणीय’ लागू लागले. दिवाळीच्या तोंडावर, 17 ऑक्टोबरला पत्र आले, की ‘सद्भावना म्हणून’ 1,23,729 रुपये परत करण्यात येतील. पत्र वाचून आमच्या यांनी मिठाई आणायची तयारी केली. मी वही काढली.

हिशेब असा आहे. जीएसटीचे 22,271 रुपये त्यात नाहीत. कर सरकारकडे भरला गेला आहे, असे कारण दिले आहे. 31 महिन्यांत या रकमेवर आम्ही जे व्याज भरले, ते 32 हजारांच्या पुढे जाते, त्याचा पत्रात उल्लेखही नाही. आणि ‘सद्भावना’ हा शब्द तर माझ्या घशाखाली उतरतच नाही, कारण दुसऱ्याचे पैसे परत करण्यात सद्भावना कसली? ब्रिटनमध्ये कर्जासोबत असाच विमा गळ्यात मारण्याचे प्रकरण झाले होते. तिथे तक्रार करण्याची शेवटची तारीख 29 ऑगस्ट 2019 होती आणि तोवरच्या तक्रारींपोटी बँकांनी एकूण 38 अब्ज पौंडांहून अधिक रक्कम परत केली. त्यात विम्याचा हप्ता होताच, त्या हप्त्यावर आकारलेले कर्जाचे व्याजही होते, आणि शिवाय पैसे अडकून पडल्याबद्दल साधारणपणे वर्षाला 8 टक्के सरळव्याज दिले जाई. विमा कधी घेतलाच नसता तर ग्राहक ज्या स्थितीत असता, त्या स्थितीत त्याला आणून ठेवायचे, हे तिथले सूत्र होते. मला इथे तेवढेच हवे आहे. अडकून पडल्याचे 8 टक्के मी सोडून द्यायला तयार आहे.

अकरावीच्या वर्गात मी चूक-दुरुस्तीचा धडा शिकवते, तेव्हा मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, की चुकलेली नोंद खोडायची नसते, तिच्याविरुद्ध दुसरी नोंद करून ती निष्प्रभ करायची असते. बँकेने 1,23,729 रुपये आजच्या तारखेने जमा केले तर माझे मुद्दल आजपासून कमी होईल, पण 14 मार्च 2023 पासून आजवर चुकीच्या मुद्दलावर लागलेले व्याज तसेच राहील. म्हणून मी उत्तरात लिहिले, की रक्कम जीएसटीसह, कर्ज दिल्याच्या तारखेपासून परिणाम धरून मुद्दलात जमा करावी, त्यानुसार व्याजाचा फेरहिशेब करावा आणि नवे वेळापत्रक द्यावे. तोवर तक्रार मिटल्याच्या कागदावर मी संमती देणार नाही. त्या पत्राची पोच माझ्याकडे आहे. पत्राचे उत्तर नाही, आणि मान्य केलेली रक्कमही नाही.

पुतण्याने यंदा गृहकर्ज घेतले, तेव्हा त्याच्या कागदांतले मुख्य तथ्यपत्र, म्हणजे कर्जाच्या अटी आणि सगळा खर्च एकत्र दाखवणारा कागद, मी मागून पाहिले. ऑक्टोबर 2024 पासून ते देणे बंधनकारक झाले आहे आणि बँकेने वसूल केलेला विम्याचा हप्ता त्यातल्या कर्जाच्या एकूण खर्चाच्या वार्षिक टक्केवारीत धरावाच लागतो. त्याच्या पत्रात विम्यापुढे शून्य होते. तरी मी त्याला तीन वेळा विचारले, की मध्ये कुठला ओटीपी आला होता का. तो म्हणाला, “काकू, आला होता, पण मी दिला नाही.”

मागच्या आठवड्यात शाखेत गेले. हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे सिव्हिल लाइन्समधून वळसा घालावा लागला आणि पोहोचेपर्यंत दुपारचे साडेतीन झाले. कर्ज विभागाच्या खुर्चीवर स्वेटर टांगलेला होता. “साहेब ट्रेनिंगला गेले ना जी, सोमवारी भेटतीन,” असे शिपाईदादांनी सांगितले आणि मला बसायला खुर्ची दिली. 2023 साली फुल्या मारणारा तो तरुण आता तिथे नाही, त्याची बदली झाली आहे. मी सोबत नेलेल्या स्मरणपत्राच्या दोन्ही प्रतींवर आवक विभागाचा शिक्का मारून घेतला, शिक्क्यावरची तारीख नीट उमटली आहे का हे पाहिले, फिकट वाटली म्हणून पुन्हा मारायला लावला, आणि माझी प्रत फाइलला लावून बाहेर पडले. सोमवारी पहिल्या दोन तासिका दुसऱ्या शिक्षिकेला दिल्या आहेत.