चिंगी आणि कुंड्या: पावसाळ्यानंतरची मांडामांड

मंडळी, पाऊस सरला, बाल्कनी धुऊन पुसून पुन्हा लावली, म्हणून ही नोंद. नव्यांसाठी एवढंच: पूर्वेकडची बाल्कनी, घरात चिंगी नावाची तरणीताठी मांजर, आणि शेजारच्या काकूंचा लॅब्राडोर, जो दार उघडं दिसलं की आत.

या खेपेला कुंड्या उजेड बघून लावल्याच नाहीत. झाड पोटात गेलं तर जनावराचं नेमकं काय बिघडतं, त्यावरून लावल्या. मिळतील त्या याद्यांत मनीप्लांट आणि सायकस एकाच 'विषारी' शिक्क्याखाली असतात. मग माणूस एक तर घाबरून सगळं काढून टाकतो, नाहीतर काहीच मनावर घेत नाही.

सायकस गेला. त्यातलं सायकासिन यकृतावर जातं, बिया सगळ्यात वाईट, आणि कुत्र्यांना ते खोड कुरतडायला का आवडतं देव जाणे. कण्हेर आणि बिट्टी आमच्याकडे नव्हतीच. अडेनियम मात्र होतं, तेही फुगीर बुंध्याचं, जीव लावून वाढवलेलं. कण्हेरीच्याच कुळातलं, चीक थेट हृदयावर काम करणारा, आफ्रिकेत बाणांना लावायचे तो. ते आता गच्चीवर, कुलपाआड. मन मोठं करून दिलं म्हणणार नाही, रोज बघायला जातो.

लिली हा मांजरवाल्यांचा खरा शत्रू, आणि ती कुंडीतून कमी, पुष्पगुच्छातून जास्त येते. पान, पाकळी, फुलदाणीतलं पाणी, एवढंच काय, अंगाला लागलेले पराग चाटले तरी मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी होऊ शकतात. डे लिलीही त्यातलीच. कुत्र्यांचं सहसा पोट बिघडण्यावर निभावतं. वाढदिवसाला येणाऱ्यांना आता आधीच सांगून ठेवतो: गुच्छ नको, पेढे आणा.

पीस लिलीचं प्रकरण वेगळं. ती अळूच्या कुळातली. मनीप्लांट, डिफेनबेकिया, सिंगोनियम, मॉन्स्टेरा सगळी तिथलीच. डिफेनबेकियाच्या देठाचा थेंबभर रस काचेवर घेऊन फोल्डस्कोपखाली, म्हणजे घडीच्या कागदी सूक्ष्मदर्शकाखाली, धरला. हिरव्या गाळात लख्ख सुयांच्या जुड्या, दोन्ही टोकं अणकुचीदार, काही सुट्या होऊन आडव्यातिडव्या पडलेल्या. कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक. पान चावलं की त्या जीभ-टाळूत घुसतात: लाळ गळते, जनावर तोंडावर पंजे मारतं, उलटी होते. फदफद्यात आपण चिंच-आमसूल घालतो ते याच खाजेसाठी. त्रास होतो, पण सहसा जिवावर बेतत नाही, म्हणून ही झाडं घरात ठेवली, दार लागणाऱ्या खोलीत. टांगत्या कुंडीवर भरवसा नाही. कुत्र्यापुरती ती ठीक. चिंगी पडद्याच्या दांडीवरून तिथे पोचते, आणि गळालेली पानं तर खालीच पडतात.

झाडांइतकंच खताकडे बघा. एरंडीची पेंड सेंद्रिय म्हणून आपण बिनधास्त मिसळतो. तिच्यात रायसिन हे एरंडीचं विष उरलेलं असू शकतं, आणि तिचा वास कुत्र्याला खाऊसारखा लागतो. हाडांचा चुराही तसाच ओढतो. मी दोन्ही बंद करून गांडूळखतावर आलोय.

मोकळ्या जागेत आता अरेका पाम, बॉस्टन फर्न, कॅलेथिया, स्पायडर प्लांट. स्पायडरच्या पानांची टोकं चिंगीने झालरीसारखी फाडली आहेत, पण तो बिनविषारी आहे, होऊ दे. तिला चघळायला पसरट कुंडीत गहू पेरलेत. ते वर आल्यापासून बाकीच्या पानांकडचा ओढा बराच कमी झालाय. कोवळं संपलं की पुढची कुंडी तयार असली पाहिजे, नाहीतर मोर्चा पुन्हा फर्नकडे.

प्रत्येक कुंडीवर मार्करने शास्त्रीय नाव लिहिलंय. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात, काय खाल्लं? चावलेलं पान पिशवीत घालून सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून घरी उलटी काढायला जाऊ नका, त्याने मीठच बाधतं. लिलीची नुसती शंका असली तरी लक्षणांची वाट न बघता निघा.

सध्याची कटकट: बोअरच्या पाण्याने कॅलेथियाच्या कडा करपतायत. आणि पेपरोमियाची फांदी कुणाकडे असेल तर सांगा, बदल्यात स्पायडरची पिल्लं हवी तितकी देतो.