एक रेघ, तारीख, सही

स्मरणिकेसाठी चार ओळी लिही, असा निरोप आला आणि मी जरा अवघडलो. ‘आपला विद्यार्थी औषधं शोधतो’ अशी माझी ओळख करून देतात. सव्वीस वर्षं मी औषधरसायनात आहे, पण मी बनवलेला एकही रेणू अजून औषधाच्या दुकानात पोहोचलेला नाही. आमच्यात यात लाजण्यासारखं काही नसतं. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत पोहोचलेल्या दहांपैकी जेमतेम एक मंजूर होतो. हजारो तर त्याआधीच गळतात.

बारावीचं प्रॅक्टिकल. टायट्रेशन करताना, म्हणजे रंग बदलेपर्यंत थेंबथेंब द्रावण सोडताना, ब्युरेटच्या नळीचा कॉक जरा जास्तच सुटला आणि फिकट गुलाबीऐवजी चंबू चांगला राणी रंगाचा झाला. मी शेजाऱ्याचं रीडिंग बघितलं, माझं खोडलं, त्याचं लिहिलं. सर मागेच उभे. रागावले नाहीत. खोडरबर खिशात टाकला आणि म्हणाले, “चुकलेला आकडा एका रेघेनं काट. वाचता आला पाहिजे. शेजारी लिही, का चुकला.” (खोडरबर काही परत मिळाला नाही.)

नोकरीत लॅब नोटबुक मिळालं तेव्हा नियम तोच निघाला: एक रेघ, तारीख, सही.

औषधाचा रेणू शरीरातल्या ज्या प्रथिनावर काम करणार, त्याच्या खाचेत तो बसवणं हा त्यातल्या त्यात सोपा भाग. पुढे रेणू मोडून टाकणारं यकृत असतं. माझा एक लाडका रेणू यकृताच्या एन्झाइमांपुढे पाच मिनिटंही टिकेना. बेंझीनच्या कड्यावर पॅरा जागी, म्हणजे अगदी समोरच्या टोकाला, हायड्रोजन होता, तिथेच ती एन्झाइमं ऑक्सिजन चिकटवत होती. हायड्रोजन काढून फ्लोरिन बसवला आणि रेणू टिकला. आठवडाभर मी हवेत होतो. मग हृदयाच्या चाचणीचा निकाल आला: हृदयाच्या पेशींतला हर्ग नावाचा पोटॅशियम चॅनेल (पोटॅशियम बाहेर सोडणारी वाट) हा रेणू अडवतो, म्हणजे ठोक्यांची लय बिघडण्याची भीती. दोन वर्षांचं काम त्या एका आकड्यावर थांबलं. तोही लिहिला.

अशा वेळी मला मेटियामाइड आठवतं. जेम्स ब्लॅक यांच्या गटाचं हे संयुग पोटातलं आम्ल उत्तम रोखायचं, पण काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या. संशय रेणूतल्या थायोयुरिया या गंधकयुक्त तुकड्यावर गेला. त्याच्या जागी सायनोग्वानिडिन हा दुसरा तुकडा बसवला आणि सिमेटिडिन तयार झालं. ते १९७६ साली बाजारात आलं आणि अल्सरच्या कितीतरी रुग्णांची शस्त्रक्रिया टळली. ब्लॅक यांना १९८८चं नोबेल मिळालं, त्यात या कामाचाही वाटा होता.

परवा आमच्याकडची एक नवी मुलगी माझं जुनं नोटबुक घेऊन आली. एका काटलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “सर, हे काय?” शेजारी माझंच अक्षर: ‘सेप्टम (चंबूचं रबरी बूच) नीट लावला नाही, ओलावा शिरला, भलताच पदार्थ मिळाला, यील्ड (हाती आलेलं उत्पादन) ९ टक्के.’ तिला नेमका तो भलता पदार्थ हवा होता. या आठवड्यात ती तो मुद्दाम बनवते आहे, आणि यील्ड अजून नऊच्या वर जात नाही.