सातपूरच्या पुढचा फोड

त्र्यंबकला निवृत्तीनाथांच्या पौषातल्या वारीला मामांच्या दिंडीत निघालो ते भक्तीने नव्हे, नाही म्हणायचाही कंटाळा आला म्हणून. कित्येक महिने असंच चाललं होतं. दुःख म्हणावं तर रडू येत नव्हतं. अंबडला कामावर जायचं, यायचं, भिंतीकडे बघत पडायचं. थायरॉइड, बी-१२, सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "मन लागेल तेव्हा करू, म्हणत बसू नका. ठरल्या वेळेला थोडं करा, मन मागून येतं." मी मान डोलावली आणि परत येऊन आडवा झालो.

दिंडीत ठरवायचं काही उरतच नाही. निफाडच्या त्या थंडीत काकड्याला उठवतात, उठायचंय का असं कुणी विचारत नाही. ओझर, आडगाव मागे पडलं. रामकुंडावर सगळ्यांनी आंघोळी केल्या, मी पाय बुडवले.

नाशिक ते त्र्यंबक जेमतेम ३० किलोमीटर, पण सातपूर सोडलं नि टाचेला फोड आला. डोक्यावर ऊन, डंपरची धूळ, मागच्या टेंपोवरचा कर्कश भोंगा. शेजारचा टाळकरी ठेका चुकवायचा आणि वर पगार किती विचारायचा. शेवटी मी त्याच्यावर ओरडलोच. भर दिंडीत! लाज वाटली, आणि लगेच लक्षात आलं की इतकं काही वाटून बरेच दिवस झाले होते. विठ्ठलाच्या आधी चीड परत आली होती.

महिरावणीच्या अलीकडे एका मावशींनी मला लंगडताना पाहिलं. "बस हितं. बूट काढ." काडी पेटवून सुई तापवली, हळद लावलेला दोरा फोडातून आरपार ओवला, दोन्ही टोकं बाहेर ठेवली. "पानी झरत ऱ्हाईल. कातडं सोलू नको." हात चालू, तोंडाने सुनेच्या मोबाइलची तक्रार चालू.

मी विचारलं, "मावशी, वारीत मन लागतं?"

"कशाचं मन! आम्हा बायांचं समदं ध्यान आडोसा कुठं गावतो त्याच्यात." आणि तुळस डोक्यावर घेऊन निघाल्या.

अंजनेरी डावीकडे गेली. मुक्कामी मामांनी दरवर्षीचीच गोष्ट सांगितली: वाघाच्या भीतीने भावंडांपासून ताटातूट झाली, निवृत्तीनाथ ब्रह्मगिरीच्या गुहेत शिरले, तिथे गहिनीनाथ भेटले. म्हणजे तेही गुरू शोधायला निघाले नव्हते. जीव घेऊन पळाले होते.

एकादशीला दर्शनबारीत ढकलाढकली. समाधीसमोर भरून येईल असं वाटलं होतं. आलं नाही. "चला, चला" झालं आणि बाहेर पडलो. मग मात्र सणकून भूक लागली. भगर आणि दाण्याची आमटी संपवून मी पुन्हा पत्रावळ पुढे केली.

"माउली," वाढपी म्हणाला, "मागं रांग बघा की."

मी हटलो नाही.